मदत हवी आहे : स्थलांतरित मुलांच्या गाळलेल्या नोंदींचं मॉडेलमध्ये काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सार्वजनिक आरोग्यात काम करते. पेठ-सुरगाण्याकडच्या काही अंगणवाड्यांच्या महिनेवार वजन-उंचीच्या नोंदी, नावं काढून, अभ्यासाला मिळाल्या आहेत. तीव्र कुपोषण कोणत्या महिन्यांत वाढतं ते शोधायचंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार उंचीच्या मानाने वजनाचा झेड-स्कोअर (मानकातल्या मधल्या वजनापासून मूल किती दूर आहे ते सांगणारा आकडा) काढलाय. उणे ३ च्या खाली गेलं की अतितीव्र. एका मुलाच्या अनेक नोंदी, एका अंगणवाडीत अनेक मुलं, म्हणून आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स्ड मॉडेल (एकाच मुलाच्या किंवा अंगणवाडीच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या धरणारं) लावतेय. इथवर ठीक.

अडचण पुढे आहे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, मुलंही सोबत जातात. रजिस्टरमध्ये त्या महिन्यांपुढे नुसती आडवी रेघ. जाणारी घरं बहुधा जास्त हलाखीची, म्हणजे ही गळती योगायोगाची नव्हे. मिक्स्ड मॉडेल गळालेल्या नोंदी चालवून घेतं खरं, पण गळतीचं कारण हाती असलेल्या माहितीतून समजत असेल तरच. इथे तसं धरलं तर हिवाळा आहे त्यापेक्षा निरोगी दिसेल, आणि मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते, कारण असे आकडे पुढे आहार योजनेच्या चर्चेत वापरले जातात.

मल्टिपल इम्प्युटेशन (गाळलेल्या जागी अनेक संभाव्य आकडे भरणं) करून, गेलेल्या मुलांचा स्कोअर मुद्दाम थोडाथोडा खाली ओढून निष्कर्ष टिकतो का पाहावं, की पॅटर्न-मिक्श्चर मॉडेल (गळतीच्या प्रकारानुसार मुलांचे गट करून प्रत्येकाचा वेगळा अंदाज घेणारं) बरं? किती खाली ओढायचं हे कशावरून ठरवता? परत आल्यावरचं पहिलं वजन त्यासाठी वापरता येईल का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.