"दपाडाले काय शे?" (लपवायला आहे काय?) म्हणणाऱ्यांना पाळतीचा विषय कसा पटवावा?

तापीकाठ (चोपडा): गावात पारावर अर्धा तास बोलायचंय. समोर केळीवाले शेतकरी आणि बचतगटाच्या बाया. सरकारी पाळत म्हटलं की उत्तर ठरलेलं, "आमनाजोडे काय शे दपाडाले?" सुरुवात कुठून करू?

सातपुडा: पहिली पंधरा मिनिटं 'पाळत' हा शब्दच काढू नका. अंगठ्यापासून सुरू करा. आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. जुन्या खरेदीखताची एखादी नक्कल (आपलीच, दुसऱ्याची नको) समोर धरा. क्रमांक आणि ठसा त्यावर शेजारी शेजारी दिसले की लोक आपसूक पुढे सरकतात. मग तिथंच आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक (म्हणजे ठसा बंद) करून दाखवा. झेरॉक्स द्यायचीच तर मास्क्ड आधारची. त्यात पहिले 8 अंक झाकलेले असतात.

गिरणाकाठ: लॉकचं सांगताय तर रेशनचंही सांगा, नाहीतर शिव्या खाल. लॉक असताना ठसा चालत नाही, 330 चा एरर येतो आणि दुकानदार म्हणतो, "तुमचं आधार बंद पडलं." बंदबिंद काही नसतं. तात्पुरतं अनलॉक करायचं, 10 मिनिटं मिळतात. म्हणून रांगेत नंबर जवळ आल्यावरच करा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. जिचं आधार सुरतेला गेलेल्या पोराच्या नंबरला जोडलंय, तिचं लॉक करूच नका. आधी नंबर बदलून घ्या.

सातपुडा: @गिरणाकाठ, बरोबर, हे राहिलं होतं.
आता सरकारचं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण पारावर निकाल आणि कलमं वाचू नका. फेरफाराची गोष्ट काढा. तुमच्या सातबाऱ्यावर नोंद व्हायची तर चावडीवर नोटीस लागते, हरकतीला 15 दिवस मिळतात. फोन ऐकायचा आदेश मात्र गृहसचिव देतो, न्यायाधीश नाही. तो 60 दिवसांचा, वाढवत 180 पर्यंत. हे आदेश तपासणाऱ्या समितीतही सचिवच. ज्याचा फोन ऐकला त्याला नोटीस नाही, मग हरकत कोण घेणार? "दपाडाले काय शे" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, "नोटीस न देता फेरफार झाला तर चालेल का?"