घरटं पाडणं हा उपाय नाही

टॉवरवर कामाला चढताना घार हल्ला करते, त्यावर "हेल्मेट घाला, घारीचं घरटं काठीने पाडा आणि निवांत चढा" असं कुणीतरी सुचवलंय, ते मला अजिबात पटलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं येतं. हेल्मेट हवंच, हे मात्र मान्य.

पण खरा धोका नखांपेक्षा दचकण्याचा आहे. घणसोलीत एका टॉवरवर मार्चमध्ये अँटेना बदलायला चढलो होतो. घार पाठीमागून आली, आवाज न करता, आणि माझे दोन्ही हात आपोआप डोक्याकडे गेले. सुरक्षा पट्ट्याचा एक हूक टॉवरला अडकवलेला होता म्हणून वाचलो. तेव्हापासून दोनपैकी एक हूक कायम अडकलेला ठेवतो, घरट्याकडे पाठ करत नाही, आणि खाली दुर्बीण घेऊन एक जण उभा असतो. घार घरट्यावर बसलेली दिसली तर चढतच नाही. अंडी उबवायला साधारण महिना, मग पिल्लं उडायला दीड-दोन महिने. ऐरोली-ठाण्याकडची ठरलेली कामं म्हणून पावसाळा संपल्यावर, घारी अंड्यांवर बसायच्या आधी, डिसेंबरच्या आत उरकून घ्यावीत. साहेबांना घरट्याचा फोटो पाठवला की तारीख बहुतेक वेळा पुढे मिळते.