पिंगमधला ‘टाइम ९०१४ एमएस’ हा नेमका कसला वेळ?

तबला_नौपाडा

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, तबला शिकवते. कॉम्प्युटरचं मला कामापुरतंच कळतं, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

माझा एक विद्यार्थी सातवीत आहे. चार वर्षं सायकलवरून घरी यायचा. जूनमध्ये ते लोक खारघरला राहायला गेले, तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार व्हिडिओ कॉलवर तालीम चालते. मुलाचा हात चांगला आहे, सम कधी चुकवली नाही. पण कॉलवर मी टाळी देऊन तीनताल मोजते आणि तो ठेका धरतो, तेव्हा त्याचा ‘धा’ मला मागे पडूनच ऐकू येतो. कधी थोडा मागे, कधी जास्त. विलंबितात निभतं, लय जरा वाढवली की सगळं विस्कटतं. मी त्याला दोनदा रागावले, ‘मागे पडतोयस’ म्हणून. मग त्याच्या आईचा फोन आला. म्हणाली, ‘ताई, मी शेजारी बसून ऐकते, तुमच्या टाळीवरच वाजवतो तो.’ तेव्हापासून मला चैन नाही.

भाच्याने लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलंय. तो म्हणाला टर्मिनल उघड आणि पिंग मारून बघ, कनेक्शन किती चटकन उत्तर देतं ते कळेल. मी दहा वेळा मारलं. वहीत उतरवून घेतलंय ते असं:

६४ बाइट्स, आयसीएमपी_सेक=१, टीटीएल=५७, टाइम=६.२१ एमएस
६४ बाइट्स, आयसीएमपी_सेक=२, टीटीएल=५७, टाइम=५.८७ एमएस
६४ बाइट्स, आयसीएमपी_सेक=३, टीटीएल=५७, टाइम=१८४ एमएस
(पुढच्या ओळी अशाच, मध्येच एखादी मोठी)
१० पॅकेट्स ट्रान्समिटेड, १० रिसीव्ह्ड, ०% पॅकेट लॉस, टाइम ९०१४ एमएस
आरटीटी मिन/अ‍ॅव्हरेज/मॅक्स/एमडेव्ह = ५.९/४३.३/१८४/५९.८ एमएस

९०१४ मिलिसेकंद म्हणजे नऊ सेकंद! एवढा उशीर कुठे होतोय? ओळीतला टाइम एका बाजूचा की जाऊन-येऊन? आणि ते ५७ म्हणजे काय?

घोडबंदर_रोड

९००० च्या वर म्हणजे लाइन फारच स्लो आहे. माझ्याकडे ३००० येतं. कनेक्शन बदलून टाका.

ऐरोली_रात्रपाळी

थांबा, कनेक्शन बदलू नका. ९०१४ चा स्पीडशी काही संबंध नाही. मी ऐरोलीत डेटा सेंटरमध्ये काम करतो, रोज हेच आकडे बघतो.

ताई, पिंग दर सेकंदाला एक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, सोडतं. तुम्ही दर सेकंदाला एक अशा दहा टाळ्या दिल्या, तर पहिल्या आणि दहाव्या टाळीत किती सेकंद जातील? नऊ. तेच हे ९०१४. पूर्ण तपासणी किती वेळ चालली, एवढंच ती ओळ सांगते. वरच्या मित्रांनी चार पॅकेट्स सोडली असणार, म्हणून त्यांना ३००० दिसतं. लंडनचा सर्व्हर असो की शेजारच्या खोलीतला, चार पॅकेट्सना तीन सेकंदांच्या आसपासच येणार.

ओळीतला टाइम जाऊन-येऊनचा, खालचं आरटीटी म्हणजे तेच. १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक म्यूस यांनी हा प्रोग्राम लिहिला आणि नाव ठेवलं ते पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. आवाज सोडायचा, आदळून परत यायची वाट बघायची. पिंग तेच करतं. मात्र निम्मा वेळ जाण्याचा आणि निम्मा येण्याचा असं धरून चालू नका. परतीची वाट वेगळी असू शकते, आणि नुसत्या पिंगवरून ते कळत नाही.

टीटीएलच्या नावात ‘टाइम’ आहे, पण तो वेळ नाही. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. पलीकडची मशीन बहुतेक वेळा ६४ पासून सुरुवात करते, म्हणजे ५७ उरले तर वाटेत सात राउटर लागले.

आता मुद्द्याचं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १०० किलोमीटर अंतराला १ मिलिसेकंद. तुमचे ५.९ अगदी ठणठणीत आहेत. पण १८४ मिलिसेकंदांत प्रकाश १८,००० किलोमीटरवर जाऊन परत येईल! तेव्हा हा उशीर अंतराचा नाही, पॅकेट कुठेतरी अडून बसतंय. शेवटचा आकडा, एमडेव्ह, तो बघा. वेळ सरासरीपासून किती इकडेतिकडे हलते ते त्यात कळतं. तुमची सरासरी ४३ आणि हलणं ६०. लयीच्या भाषेत सांगायचं तर ठेका संथ नाही, डगमगतोय.

एक करा. बाहेरचा पत्ता सोडा आणि घरातल्या राउटरलाच पिंग मारा. बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ असतो, नाहीतर राउटरच्या खाली चिकटवलेलं असतं. ५० वेळा वायफायवर, मग ५० वेळा केबल लावून.

घोडबंदर_रोड

चूक लक्षात आली, माझं वरचं उत्तर धरू नका. जाता जाता माझंही विचारतो. ट्रेसराउट (वाटेतल्या एकेका राउटरची वेळ दाखवणारी कमांड) मारलं की मधल्या एका ओळीत ९० एमएस येतात आणि शेवटच्या ओळीत ७. मध्ये ९० लागले तर शेवटी ७ कसे?

ऐरोली_रात्रपाळी

मधल्या राउटरचं खरं काम पॅकेट पुढे ढकलणं. तुमच्या चौकशीला उत्तर देणं हे त्याच्या दृष्टीने सवडीचं काम, म्हणून ते उशिरा येतं किंवा नुसते तीन तारे दिसतात. एखाद्या ओळीपासून आकडा वाढला आणि शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तरच काळजी करा. तुमचं ठीक आहे.

तबला_नौपाडा

केलं. राउटर आमच्याकडे दारावर, चपलांच्या स्टँडच्या वर आहे. रियाजाची खोली अगदी मागे. मध्ये दोन भिंती, आणि दाराला लागून आईचं लोखंडी कपाट. भाच्याने केबलचं भेंडोळं आणून स्वयंपाकघरातून ओढलं.

राउटरला, वायफायवर: २.१/३६.४/२०३/५१
राउटरला, केबलवर: ०.४/०.६/०.९/०.१

दोनदा करून बघितलं, विश्वासच बसेना. खारघरपर्यंतचा रस्ता साफ आणि खोळंबा माझ्याच घरात, तीस फुटांत. नंतर केबलवरूनच बाहेर पिंग मारलं, एमडेव्ह अर्ध्या मिलिसेकंदावर आलं.

मंगळवारी तालीम घेतली. डगमग गेली. पण ‘धा’ अजून मागेच आहे, आता दर वेळी सारखाच मागे. मिनिटाला १२० मात्रा ठेवून मोजलं. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि त्याचा बोल जवळजवळ अर्ध्या मात्रेवर येतो. पिंग सहा म्हणतंय आणि माझ्या कानाला अडीचशे ऐकू येतात. मधले कुठे गेले?

वाशी_पेटी

हे मी सांगते, मी पेटी शिकवते आणि याच वाटेने गेले आहे. पिंग फक्त छोट्या पॅकेटची ये-जा मोजतं. आवाजाला आणखी बरंच करावं लागतं: माइकने पकडायचा, अ‍ॅपने दाबून लहान करायचा, पलीकडे उलगडायचा, मग स्पीकरवर सोडायचा. शिवाय पॅकेट्स मागेपुढे येतात म्हणून अ‍ॅप थोडा आवाज मुद्दाम साठवून ठेवतं. तुमचं एमडेव्ह कमी झाल्यावर तो साठाही थोडा घटला असेल. आणि हे सगळं दोनदा होतं. तुमची टाळी त्याच्याकडे पोचते तेव्हाच तिला उशीर झालेला असतो, त्यावर तो बरोबर वाजवतो, आणि ते परत येताना पुन्हा उशीर. तुमच्या कानात दोन्ही बेरजा पडतात.

तो ब्लूटूथ हेडफोन लावतो का? त्यातच शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. वायरचा लावायला सांगा.

तरी एक सांगते, कॉलवर एकत्र वाजवायचा हट्ट सोडा. बैठकीत आपण तीन मीटरवर बसतो तेव्हा आवाज पोचायला ९ मिलिसेकंद लागतात, कानाला तेवढं चालतं. अडीचशेवर कोणाचीही लय टिकणार नाही. लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनावर फिरत राहणारी धून, त्याच्याकडे लावा, त्याच्याच खोलीत. तो त्यावर वाजवेल, आणि लेहरा व तबला एकाच वाटेने तुमच्याकडे येतील. दोन्हींना उशीर सारखा, म्हणजे सम जिथल्या तिथे. तुम्ही टाळी देऊ नका, फक्त ऐका.

तबला_नौपाडा

ब्लूटूथच होता. आता वायरचा घेतलाय.

शुक्रवारी तसंच केलं. आधी त्याला सांगितलं की तू मागे पडत नव्हतास, चूक माझ्या ऐकण्याची होती, आणि मी रागावायला नको होतं. तो काही बोलला नाही, हातोडी घेऊन तबला लावत बसला. मग त्याच्या टॅबवर लेहरा सुरू केला. मी हात मांडीखाली दाबून बसले, इतक्या वर्षांची टाळीची सवय. त्याने कायदा दुगुनीत घेतला, पलटे वाजवले आणि तिहाई समेवर आणली. त्याची आई मागून म्हणाली, ‘ऐकलंत ना?’ ऐकलं.

ऐरोलीचे दादा, आता स्वयंपाकघरातून केबल अशी लोंबकळत ठेवता येणार नाही. भिंतीच्या कडेने फिरवून न्यायची तर वीस-बावीस मीटर लागेल. एवढ्या लांबीने पुन्हा उशीर वाढेल का?

ऐरोली_रात्रपाळी

नाही वाढणार. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते. कॅट ६ घ्या, आणि लाइटच्या वायरला चिकटवून नेऊ नका.