घर तिचंही आहे

'मेहुणी चार दिवस राहायला आली आणि चांगल्या संसारात काडी टाकून गेली' असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. मीही अशीच मेहुणी आहे.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यात फोंड्याला ताईकडे गेले होते. ती खतखतं, म्हणजे तेफळांचा (तिरफळांचा) मसाला घातलेली मिश्र भाजी, करत होती. भावोजींनी झाकण उचललं, "एवढी तेफळां कुणाला विचारून घातलीस?" ताई चकार शब्द न काढता पळीने एकेक तेफळ वेचून काढायला लागली. हात थरथरत होता तिचा. मी एवढंच म्हटलं, "ताई, राहू दे." झालं! "माझ्या घरात माझंच चालणार. तू तुझी बॅग भर."

माझं घर म्हणे! गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक धरतात, निम्मी तिची. तिच्या सहीशिवाय त्यांना ते घर विकताही येणार नाही. आणि सततचा अपमान हासुद्धा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात छळच आहे. ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी बॅग भरली नाही, दीड दिवसाचं विसर्जन होईपर्यंत राहिले. आता भावोजी दुकानात गेले की दुपारी ती मला फोन करते. तुमच्या मेहुणीचं येणं कृपा करून तोडू नका.