गच्चीवरचा सिनेमा आणि मस्तानीची कट्यार

ए-२०३ (काकू): काल गच्चीवर ‘बाजीराव मस्तानी’ लावलात, ठीक. पण साडेअकरापर्यंत आवाज! शिवाय जिना उतरताना मुलं सांगत होती, बाजीराव आणि मस्तानी दोघं एकाच क्षणी मेले. निवडताना कोणी विचार करतं की नाही?

ए-५०१ (सांस्कृतिक): काकू, आवाजाबद्दल माफ करा. दहाला स्पीकर बंद व्हायलाच हवा होता. सिनेमा २ तास ३८ मिनिटांचा, सुरूच साडेआठला झाला. पण निवड विचार करूनच केली. प्रेमकथा म्हणून उत्तम आहे.

बी-४०२: दिसायला उत्तम. प्रेम पटत नाही. बुंदेल्यांत कट्यार दिली म्हणजे लग्न, हे बाजीरावाला ठाऊकच नसतं. तो देतो भेट म्हणून, ती घेते सौभाग्य म्हणून, आणि थेट पुणं गाठते. तिचा जीव जडलाय हे कळतं. त्याचा कधी जडला?

सी-१०४: वर्षं मोजा. १७२९ ला बाजीराव मस्तानीच्या वडिलांच्या, छत्रसालांच्या मदतीला धावला, २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीला वारला. अकरा वर्षं. त्यातला संसार पडद्यावर कुठाय?

ए-५०१: ४०२ दादा, आयना महालातलं गाणं बघा. भर दरबारात ती त्याच्यासाठी नाचते, त्याची नजर हलत नाही.

बी-४०२: ते डोळे दिपणं झालं. काशीबाईंचं बघा. सुरुवातीला थट्टामस्करी, रुसवे, नवरा मोहिमेवरून आल्याचा आनंद. म्हणून पुढे ‘माझा अभिमानच हिरावलात’ या अर्थाचं बोलते तेव्हा पोटात तुटतं. पाया आधी घातलाय. मस्तानीसोबत असा एक साधा दिवस नाही. लग्नानंतर विरोध सुरू, की लगेच साखळदंड.

ए-३०१ (वहिनी): पिंग्याबद्दल कोणीच बोलत नाही! पिंगा मंगळागौरीचा. पाचसहाजणींनी वाकून, घुमत, दमेपर्यंत खेळायचा. दोघींनी समोर बघून ठुमकायचा नव्हे. आणि काशीबाईंचे नानासाहेब १७२० चे. एवढ्या मोठ्या मुलाची आई, पेशवीणबाई, सवतीबरोबर अशी नाचेल?

ए-५०१: वहिनी, पिंग्यावर २०१५ ला प्रदर्शनाआधीच वाद झाला होता. आता परत नको.

ए-३०१: परत का नको? त्याच गाण्याने दोघींमधली अढी पुसून टाकली. अढी गेली की प्रेमाची किंमत गेली.

सी-१०४: १७२९ ते १७४०. अकरा वर्षं.

बी-२०१: १०४, आधी तुमची स्कूटर माझ्या जागेतून हलवा. तिचे अकरा दिवस मी मोजलेत 😄

सी-१०४: इथे पार्किंग काढायचं कारण नाही. बॅटरी उतरली आहे, मेकॅनिक उद्या येतोय.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. उद्या टाकी धुणार, सकाळी ९ ते १ पाणी नाही.

ए-३०१: ४०२, एक मात्र तुमच्याकडून सुटलं. बारसं. ब्राह्मण मुलाला कृष्ण नाव द्यायला नकार देतात, तर बाजीराव तिथल्या तिथे समशेरबहाद्दर नाव ठेवतो. ना गाणं, ना आरसे. एका नावासाठी सगळ्या पुण्याशी वैर घेतलं. त्याचं प्रेम तिथे दिसतं. आणि त्याला इतिहासाचा आधार आहे, तोच समशेर १७६१ ला पानिपतावर लढला.

बी-४०२: हे मान्य, वहिनी. तो प्रसंग खरा उतरलाय. पण उत्तरार्धात येतो. तोवर मस्तानी हट्टी वाटत राहते, आणि चिमाजीअप्पा नुसते आडवे येणारे भाऊ. ज्यांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली! आपल्यापासून लोकलने तासा-दीड तासावर किल्ला आहे. मुलांना तो दाखवा.

ए-२०३: आणि एकाच क्षणी मरण, त्याचं काय? माझा प्रश्न तोच होता.

बी-४०२: काकू, ती सिनेमाची जुळवाजुळव. रावेरखेडी नर्मदेकाठी. तिथून पुण्याला जासूद पोचायलाच कितीतरी दिवस जात. मस्तानी गेली त्याच वर्षी, पण इकडे. तिची कबर पाबळला आहे. खरं तर बातमी येईपर्यंतचे ते दिवस दाखवले असते ना, कोणी गाणंही मागितलं नसतं.

ए-२०३: हे मुलांना सांगा. मी सांगितलं तर ऐकत नाहीत.

ए-५०१: पुढच्या शनिवारी आधी दहा मिनिटं ४०२ दादा बोलतील. सातला सुरू, पावणेदहाला स्पीकर बंद.

सी-१०४: स्कूटर हलवली आहे.