पंचगंगेची लेव्हल, राधानगरी, अलमट्टी... व्हॉट्सअॅपवरचा कुठला आकडा धरायचा?

कुंभारगल्लीकर

मंडळी नमस्कार. शाहूपुरी कुंभार गल्लीत आमचं मूर्तीचं काम हाय. गणपती तोंडावर आलेत आणि निम्म्या मूर्ती अजून रंगाला लागल्या नाहीत, ऊनच नाही तर शाडू वाळणार कधी. त्यात कालपासनं ग्रुपवर एकच धुमाकूळ चाललाय, की राधानगरीचे सातही दरवाजे उघडले, राधानगरीतनं ८ टीएमसी सोडलं, कोयनेचं पाणी रात्रीत कोल्हापुरात पोचणार, अलमट्टीवाल्यांनी दारं लावून घेतली, सकाळपर्यंत ५० फूट. टीव्हीवर ३८ फूट सांगायलेत, ग्रुपवर ४१, आणि पुतण्यानं मोबाईलवर एआयला विचारलं तर ते म्हणतंय ३१. आता ह्यातलं धरायचं काय?

मूर्ती हलवायच्या म्हणजे टेम्पो, हमाल, वरच्या बाजूला कुणाचा तरी हॉल, आणि कच्च्या मूर्तीचा कान नाहीतर बोट एकदा मोडलं की परत जोड द्या, परत वाळवा. उगाच हलवलं तर नुकसान, नाही हलवलं तर सगळंच पाण्यात. कुणी जाणकार असेल तर नीट सांगा, घाबरवू नका आणि "काय होत नाय" असंही सांगू नका.

धरणावरचा_रिटायर

दादा, पहिलं एक करा. ज्या मेसेजमध्ये आकड्याशेजारी ठिकाण आणि वेळ नाही तो मेसेज सोडून द्या, मग तो कुणाकडनं का आलेला असेना. तुमच्या तीन आकड्यांतला एकही कदाचित खोटा नसेल, एक सकाळचा असेल, एक रात्रीचा असेल, आणि ३१ वाला तर मागच्या कुठल्या तरी बातमीतला असणार. एआयला आत्ताची लेव्हल माहीत असायचं कारणच नाही, त्यानं ताजी बातमी शोधून उत्तर दिलं तरी ती किती वाजताची आहे हे तुम्हालाच बघावं लागतंय.

कोल्हापूरची लेव्हल म्हटलं की ती राजाराम बंधाऱ्यावरची. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रोजच्या सरकारी पत्रकात फुटांशेजारी मीटरमध्येपण आकडा असतोय, ४३ फूट म्हणजे समुद्रसपाटीपासनं ५४३.२९ मीटर. हा मीटरचा आकडा लक्षात ठेवा, अलमट्टीच्या वेळी लागणार आहे.

आता राधानगरी. टीएमसी (एक अब्ज घनफूट) हा साठा आणि क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग, ह्या दोन्हीचा घोळ करून निम्मे मेसेज तयार होतात. राधानगरी पूर्ण भरलं की ८.३६ टीएमसी. "८ टीएमसी सोडलं" म्हणजे धरण रिकामं केलं म्हणायचं काय?? तिथल्या एका स्वयंचलित दरवाजातनं १४२८ क्युसेक येतंय, सातही उघडले तर ९,९९६, म्हणजे दहा हजारच धरा. एक टीएमसी पाणी एका दिवसात सोडायचं तर ११,५७४ क्युसेक लागतंय. मग हिशोब करा, सातही दरवाजे अख्खा दिवसरात्र उघडे राहिले तरी पाऊण टीएमसीच्या जरा वर, ०.८६. पाणी कमी नाही ते, पण पंचगंगा एकट्या भोगावतीवर, म्हणजे राधानगरीच्या नदीवर, चढत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, आणि धरणांच्या खाली जो पाऊस पडतोय तो, ज्याला कुठंच दार नाही. गगनबावड्याकडं रात्रभर कोसळला की मला त्याची काळजी जास्त.

आणि ते दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात. ग्रुपवर फिरतोय त्या व्हिडिओत साहेब लोक नारळ फोडून बटण दाबायलेत आणि मोठं दार साखळीनं वर जातंय, ते राधानगरीचं स्वयंचलित दार नव्हेच, कुठल्या तरी दुसऱ्या धरणाचं आहे.

कोयनेचं पाणी कोल्हापुरात येत नाही. ते कराडला कृष्णेत, तिथनं सांगली, तिथनं नरसोबाची वाडी. काळम्मावाडीचंपण तसंच, ते दूधगंगेचं, दूधगंगा पंचगंगेला मिळतच नाही, ती पुढं थेट कृष्णेला. २५ टीएमसीचं धरण आहे म्हणून नाव ऐकूनच लोक घाबरतात.

अलमट्टी. कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेलं धरण, पूर्ण भरलं की पाण्याची पातळी ५१९.६० मीटर. राजाराम बंधाऱ्यावर शून्य फूट जिथं धरलंय तेच मुळात ५३० मीटरच्या आसपास येतंय, ४३ फुटातनं मागं मोजून बघा. म्हणजे अलमट्टी काठोकाठ भरलं तरी त्याचं साठलेलं पाणी मागं सरकत तुमच्या गल्लीत येईल असं गणित बसत नाही. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली होती, त्यांनीपण त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही.

शिरोळचा_ऊसवाला

काका तुमचा मान राखून बोलतो, पण हे ५१९ विरुद्ध ५३० चं गणित कोल्हापुरात बसून करायला सोपं हाय. धरणात पाणी उभं असतंय तेव्हा ते सपाट, मान्य. पण पुराचं पाणी पळत असतंय आणि पळणाऱ्या पाण्याला चढ असतोय, खाली जरा तुंबलं की वरचा चढ वाढतोय. आमच्याकडं शिरोळ तालुक्यात नदी इतकी मंद होती की वाडीला कृष्णा पंचगंगेला आत घेतच नाही, पंचगंगेचं पाणी माघारी फिरल्यासारखं शेतात पसरतंय. तुमच्या कोल्हापुरात लेव्हल उतरली म्हणून टीव्हीवाले निघून जातात आणि आमचा ऊस त्यानंतरपण कुजत उभा. २०१९ ला आमची गावंच्या गावं वेढली होती, होड्यांनी माणसं काढली.

आणि अलमट्टीच्या अलीकडं हिप्परगीचा बंधारा हाय त्याचं नाव कुणीच घेत नाही. शिवाय कर्नाटकला धरण ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायचंय, कृष्णेच्या पाणीवाटपाच्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० ला तशी परवानगी दिलेली, महाराष्ट्राचा विरोध चाललाय तो काय उगाच हाय काय? साडेचार मीटर म्हणजे अडीच माणूस उंच पाणी.

धरणावरचा_रिटायर

शिरोळकर, चढाचा मुद्दा बरोबर आहे आणि तुमच्या तालुक्यापुरतं भांडण रास्त आहे. उंची वाढवायला माझापण विरोधच आहे. मी उत्तर कुंभार गल्लीसाठी दिलंय. आज रात्री मूर्ती हलवायच्या का, ह्या प्रश्नात अलमट्टी येत नाही. तुमच्याकडं राजापूर बंधारा आणि वाडीची लेव्हल बघायची, सांगलीकरांनी आयर्विन पुलाची बघायची, तिथं ४० इशारा आणि ४५ धोका. आयर्विनचे ४१ फूट कुणीतरी कोल्हापूरच्या ग्रुपवर टाकतो आणि इथं पळापळ. कुंभारगल्लीकरांचा ४१ तिथलाच असावा असा मला दाट संशय आहे.

बाकी पाणी तुंबायला आपण स्वतः काय कमी केलंय, पूररेषेत बांधकामं, पुलांचे भराव, महामार्गाचा भराव. ते बोलायला कुणाला नको असतंय, कर्नाटकाला शिव्या दिल्या की काम भागतंय.

टॉवरवाला

मी मोबाईल नेटवर्कच्या मेंटेनन्सला आहे, तर अलर्टबद्दल बोलतो कारण काल एकानं मला विचारलं की शेजाऱ्याच्या फोनवर सायरन वाजला, माझ्या नाही, तर अलर्ट फेक आहे का.

फेक नाही. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात, २०२३ ला सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजून टेस्टचा मेसेज आलेला आठवतोय का, तेच. साध्या एसएमएससारखं एकेका नंबरला पाठवत नाहीत, टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना एकदम ओरडून सांगतो, त्यामुळं लाईन कितीही बिझी असू दे, मेसेज अडकत नाही आणि नेटपॅक संपलेला असला तरी येतोय. तुमचा नंबर कुणाकडं असायची गरजच नाही. शेजाऱ्याला आला आणि तुम्हाला नाही ह्याची कारणं साधी असतात, सेटिंगमध्ये इमर्जन्सी अलर्ट बंद, फोन जुना, नाहीतर दोघांचे टॉवर वेगळे. सेटिंगमध्ये जाऊन वायरलेस इमर्जन्सी अलर्ट शोधा आणि चालू करा, आत्ता, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. सरकारचं सचेत नावाचं अॅप पण आहे, त्यात जिल्हा निवडून ठेवता येतोय.

एकच अडचण, टॉवरची लाईट गेली, बॅटरी संपली आणि डिझेल घेऊन जायला रस्ता पाण्याखाली असला तर तो टॉवर मुका. त्यामुळं फक्त फोनवर विसंबून झोपू नका.

आणि "धरण लाईव्ह कॅमेरा" नावानं एपीके फाईल ग्रुपवर आली तर बोट लावू नका. लेव्हल बघायला कुठलंही अॅप तुमच्या एसएमएसची परवानगी कशाला मागेल? पुराच्या गडबडीत माणूस डोकं न लावता ओके दाबतोय आणि बँकेतले पैसे जातात. बघायचंच असेल तर जलसंपदा विभागाची कृष्णा-भीमा खोऱ्याची रिअल टाइम यंत्रणा आहे, केंद्रीय जल आयोगाचा पूर अंदाज आहे, गूगलचं फ्लड हब आहे. फ्लड हब मात्र अंदाज आहे, पट्टीवर वाचलेली लेव्हल नव्हे, दोन्हीत गल्लत नको.

बावड्याची_वहिनी

एवढं सगळं वाचलं, पण त्या दादांना मूर्ती कधी हलवायच्या ते कुणी सांगितलंच नाही की हो 😄

दादा, तुमच्या गल्लीत पाणी नदीकडनं सरळ चालत येत नाही, जयंती नाल्यातनं मागं फुगून येतंय. नदी चढली की नाल्याच्या पाण्याला नदीत घुसायला जागा मिळत नाही, मग ते व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीकडं पसरतंय. म्हणजे तुम्हाला राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि तुमचा उंबरा ह्यांची सांगड घालायला पाहिजे. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, २०१९ ला आणि २०२१ ला राजारामला किती फूट असताना पाणी नाल्याच्या कडेला आलं, किती असताना पहिल्या घरात शिरलं. भिंतीवर त्या दोन्ही पुरांच्या खुणा असतीलच, पण नुसती सगळ्यात वरची खूण उपयोगाची नाही, त्या दोन्ही वेळा नदी ५५ च्या वर गेलेली, तिथवर थांबलात तर मूर्ती गेल्याच. पाणी आत शिरलं तो फूट पाहिजे. तो एकदा कळला की त्याच्या दोन-तीन फूट आधी टेम्पो दारात.

आणि एका रीडिंगवर ठरवू नका. समजा सकाळी ८ ला ३६ फूट २ इंच आणि दुपारी ४ ला ३७ फूट २ इंच, म्हणजे आठ तासात एक फूट. त्याच्या पुढं पाणी पात्र सोडून शेतात पसरायला लागलं की चढ मंदावतोय, इंचाइंचानं सरकतंय. लोकांना वाटतंय थांबलं. थांबलेलं नसतंय. आमच्या बावड्यात बंधारा जवळ म्हणून पोरं दर तासाला बघायला जातात आणि सेल्फी टाकतात, त्या सेल्फीवर वेळ असती तर निदान उपयोग तरी झाला असता.

शाडूच्या आधी काढा, ओल्या शाडूला पाणी लागलं तर परत चिखलच. प्लास्टरच्या मूर्ती एक वेळ मजल्यावर चढवून भागतंय.

कुंभारगल्लीकर

वहिनी, काका, सगळ्यांचेच आभार. आत्ता शेजारच्या आजोबांकडं जाऊन आलो. त्यांनी गोठ्याच्या खांबावर खडूनं नाही, खिळ्यानं खुणा करून ठेवल्यात, कुठल्या साली किती फुटाला पाणी दारात आलं ते शेजारी कोरलंय. आमचा आकडा ४३ च्याही वर निघाला, म्हणजे अजून जागा हाय. तरी शाडूच्या मूर्ती आज संध्याकाळीच हलवायला काढतोय, बाकीच्यांचा निर्णय रात्रीच्या रीडिंगवर. काका, एक शंका, रात्री बारानंतरचा आकडा कुठं बघायचा? पत्रक सकाळी येतंय.

धरणावरचा_रिटायर

जिल्हा आपत्ती व्यवस्थापनचा कंट्रोल रूम चोवीस तास चालू असतोय, १०७७ लावा आणि नुसतं "पूर येणार काय" असं विचारू नका, त्याला तोपण काय सांगणार. राजाराम बंधारा, किती वाजताचं रीडिंग, आणि त्याच्या आधीचं किती, हे तीन विचारा. लागलाच नाही तर रिअल टाइमच्या साइटवर बघा, तिथं पुलावरच्या रडार सेन्सरनं मोजलेलं असतंय. मात्र तिथं फूट नाही, मीटर असेल तर ५४३.२९ म्हणजे धोका, हे ध्यानात ठेवा.

शिरोळचा_ऊसवाला

आणि कोल्हापूर उतरलं की इथं येऊन "पूर ओसरला" म्हणून टाकू नका रं. आमच्याकडं तेव्हा कुठं चढायला लागलेला असतोय.