चाकाखालच्या डॉल्या: दोन घ्यायच्या की चार?

विषय: गाडी भिंतीकडे सरकवायची आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या आहेत. त्यातली जुनी सेडान महिनोन् महिने हलत नाही, आणि उभी आहे नेमकी मधोमध. ती भिंतीला लागून गेली तर शेजारी कामाचं टेबल बसेल. पण दार अरुंद, त्यामुळे मागेपुढे करून ती वीतभरसुद्धा बाजूला जात नाही. म्हणून चाकाखाली घालायच्या डॉल्या बघायला घेतल्या. साध्या चार कॅस्टरच्या (सगळीकडे वळणाऱ्या छोट्या चाकांच्या) पत्र्यापासून पायाने पंप मारायच्या हायड्रॉलिकपर्यंत सगळे प्रकार दिसले, आणि प्रत्येक खोक्यावर वजनाचा वेगळाच आकडा. कुणी वापरल्यात का? काय बघून घ्यायच्या?

---

विषय: उत्तर: गाडी भिंतीकडे सरकवायची आहे

ताई,

वजनाचं आधी निकालात काढू. खोक्यावरचा आकडा एका डॉलीचा आहे, जोडीचा आहे की चारांचा मिळून, ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. साध्या प्रकारात एका डॉलीला १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो, हा नेहमीचा आकडा. आता गाडीच्या वजनाला सरळ चारने भागू नका. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढेच असतील, तर साधारण ६० टक्के भार पुढे असतो. १५०० किलोच्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकावर ४५० किलो आणि मागच्यावर ३०० किलो येतात. सेडानला त्या डॉल्या पुरतात. मोठी एसयूव्ही किंवा बॅटरीवरची गाडी असती तर मी वरच्या क्षमतेच्या बघा म्हटलं असतं.

खरा प्रश्न कॅस्टरचा आहे, आणि त्याबद्दल खोक्यावर फारसं काही नसतं. लहान व्यासाचं कॅस्टर वाटाण्याएवढ्या खड्यावरही अडतं. काँक्रीटच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यात तर ते रुततंच, आणि मग चार माणसं लावली तरी गाडी ढिम्म. व्यास जितका मोठा तितकं बरं. लोखंडी कॅस्टर सहज फिरतात, पण रंगवलेल्या जमिनीवर ओरखडे उठवतात आणि फरशी असेल तर तडकवूही शकतात. पॉलियुरेथेनचे जमिनीला सांभाळून घेतात, मात्र महिनोन् महिने भाराखाली उभे राहिले की एका बाजूने चपटतात. कॅस्टरमध्ये बॉल बेअरिंग आहे ना, हे हाताने फिरवून बघा. फिरवताना खरखर लागली तर तो नग ठेवून द्या.

आणखी एक. दिशा बदलली की कॅस्टर गर्रकन उलटे फिरतात आणि डॉली बाजूला झटका देते. पायाची बोटं तिथे नकोत. गाडी डॉलीवर उतरवण्याआधीच सगळे कॅस्टर ढकलायच्या दिशेने लावून ठेवले तर सुरुवात हलकी जाते.

---

विषय: उत्तर: उत्तर: गाडी भिंतीकडे सरकवायची आहे

काकांचं सगळं मान्य, पण साध्या डॉलीसाठी प्रत्येक चाक जॅकने उचलावं लागतं, ते त्यांनी सांगितलं नाही. हायड्रॉलिक किंवा रॅचेटवाली (दात्यांवर अडकत एकाच दिशेने सरकणारी) डॉली टायरला पुढून-मागून कवेत घेते. पॅडल मारत गेलं की दोन रोलर जवळ येतात आणि टायर त्यांच्यावर चढतो. जॅक नको, जॅक लावायची जागा शोधायला नको. माझं मत या प्रकाराला.

फक्त दोन गोष्टी. टायरची रुंदी रोलरच्या लांबीत बसायला हवी. टायरवर २२५/४५ आर १७ असं लिहिलेलं असेल तर २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी. आणि हवा आधी भरून घ्या. महिनोन् महिने उभ्या गाडीचा टायर बसलेला असतो. मग रोलर जवळ येतात, टायर दबतो, आणि चाक मात्र जमिनीवरच. पॅडल मारून मारून पाय दुखतो तेवढाच.

---

विषय: उत्तर: उतार किती आहे?

> माझं मत या प्रकाराला

उचलायला सोपी आहे, वाद नाही. पण हायड्रॉलिकमध्ये तेल गळून चाक हळूहळू खाली येऊ शकतं, म्हणून उचलल्यावर लॉकची खीळ बसवायची सोय असेल तरच ती घ्यावी. शिवाय ती चाकाभोवती बसायला पुढे-मागे मोकळी जागा लागते. खाली लोंबणारा बंपर आडवा आला तर बसतच नाही.

आणि तुम्ही दोघंही चार डॉल्यांचं बोलताय. त्याआधी जमिनीचा उतार बघायला हवा. पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजची जमीन बहुधा दाराकडे उतरती केलेली असते. मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का, हा डोळ्यांना दिसतही नाही. पण त्यावर १५०० किलोची गाडी सुमारे १५ किलोच्या जोराने दाराकडे ओढली जाते, दोन टक्क्यांवर ३०. धरून ठेवता येईल असं वाटतं, पण एकदा सुटली की दीड टन गाडी हाताने थांबत नाही. चारही चाकं डॉलीवर असताना हँडब्रेक ओढला काय नि न ओढला काय, जमिनीला टायर लागलेलेच नसतात.

ताई, तुमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक असेल तर फक्त मागच्या दोन चाकांखाली डॉल्या घाला. पुढची चाकं जमिनीवर राहतात, गिअर पी (पार्क) मध्ये टाकला की अडकतात. शेपूट भिंतीकडे ढकला. मग डॉल्या काढून मागची चाकं जमिनीवर टेकवा, हँडब्रेक ओढा, आणि त्याच डॉल्या पुढे लावून नाक सरकवा. दोन फेऱ्या जास्त होतात, पण प्रत्येक वेळी दोन चाकं ब्रेकवर. जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा.

आणि डॉली म्हणजे जॅक स्टँड, उचललेली गाडी पेलायचा पक्का आधार, नव्हे. वर असलेल्या गाडीखाली कुणी डोकं घालायचं नाही, वस्तू घरंगळत गेली तरी काठीने काढा.

---

विषय: उत्तर: उतार किती आहे?

सर्वांचे आभार. पट्टी आणि लेव्हल घेऊन मोजलं, दीड टक्क्याच्या आसपास उतार निघाला. चारांचा विचार सोडला. गाडी पुढच्या चाकांवरचीच, ऑटोमॅटिक आहे. रॅचेटवाल्या दोन घेते, टायर २०५ चा आहे त्यामुळे रोलरची अडचण नाही. मध्ये एक सांधा आहे, त्यावर पातळ लोखंडी पत्रा टाकायचा का प्लायवूड?

---

विषय: उत्तर: उतार किती आहे?

पत्रा. प्लाय लोखंडी कॅस्टरखाली दबतं आणि मग तेच अडतं. पत्रा सरकू नये म्हणून कडा टेपने चिकटवा. आणि डॉल्या डाव्या-उजव्या अशा वेगळ्या येतात का ते घेतानाच विचारा, नाहीतर एकीचं पॅडल गाडीखाली जाईल आणि पाय तिथवर पोचणार नाही.